खांबेट्यांचं ग्रीक बेट

पुरुषोत्तम खांबेट्यांसमोर जगातला कोणताही पदार्थ ठेवा, दुसऱ्या घासाला ते त्याला मराठी नागरिकत्व देऊन टाकतात. पिझ्झा म्हणजे आपलं थालीपीठच, फक्त वर पसारा जास्त. रिसोटो म्हणजे आपला गुरगुट्या भात, तोही बिघडलेला. एकदा जपानी हॉटेलात मिसो सूप चाखून ते वाटीत नुसता चमचा ढवळत बसले. जपानने बाजी मारली असं आम्हाला वाटलं. पण बिल आलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "कढण आहे हो हे. आपण आजारी माणसाला देतो ना, मुगाचं, तेच."

यात देशाभिमान वगैरे काही नाही. खांबेट्यांचं पोट जुन्या वळणाचं आहे. अनोळखी पाहुण्याला ते उंबऱ्याच्या आत घेत नाही. आधी कोण, कुठले, आपल्यापैकी कोणाचे, हे कळावं लागतं. नातं लागलं की मग मात्र पाहुण्याला पोटभर आदरातिथ्य.

खांबेटे मूळचे ठाण्याचे. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे संगणक एका रात्रीत वेडे होणार अशी धास्ती पडली होती, तेव्हा मेनफ्रेम नावाच्या जुन्या अवजड संगणकांवर काम करणारी जी माणसं अमेरिकेने गोळा केली, त्यांत ते होते. दोन हजार साल उजाडलं आणि काहीच झालं नाही. काही न झाल्याबद्दल न्यू जर्सीतल्या एका विमा कंपनीने त्यांना ठेवून घेतलं. तेव्हापासून ते वेस्ट विंडसरला एका टाउनहाउसमध्ये राहतात, सकाळी ट्रेन पकडतात, संध्याकाळी परत येतात आणि वरण-भात खातात.

वरण-भाताशिवाय त्यांनी अमेरिका पाहिलेलीच नाही. त्यांचा तीन लिटरचा कुकर नायगाऱ्याला जाऊन आला आहे, डिस्ने वर्ल्डला जाऊन आला आहे. येलोस्टोनला मोटेलच्या खोलीत त्याची शिटी झाली, तेव्हा शेजारच्या खोलीतलं जर्मन जोडपं कॅमेरा घेऊन बाहेर धावलं. जमिनीतून नवा वाफेचा झरा फुटला असं त्यांना वाटलं. खांबेट्यांनी दार उघडून त्यांना वरण-भात खायला बोलावलं, हेही सांगायला हवं. माणूस दिलदार आहे.

पण त्या प्रत्येक प्रवासात कुकर लावायचं काम शरयूवहिनींचं होतं. वहिनी ठाण्याला बँकेत ऑफिसर होत्या. नवऱ्याच्या व्हिसावर अमेरिकेत आल्या आणि त्या व्हिसाने त्यांना नोकरी करायला बंदी केली. इतक्या वर्षांत त्यांच्या हाताखालचं खातं एकच, स्वयंपाकघर. रोज जेवताना खांबेटे पहिला घास घ्यायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. "मीठ किंचित कमी आहे." कधी "किंचित जास्त आहे." वर्षातून तीन-चार वेळा "आज जमलंय." वहिनी मिठाची बरणी पुढे सरकवायच्या.

आठवड्यातून दोनदा त्या गावच्या लायब्ररीत हौसेने पुस्तकं लावायला जात. तिथे त्यांच्या हाताला एक भलंमोठं चित्रांचं पुस्तक लागलं, ग्रीक बेटांवरच्या खाण्यापिण्याचं. निळा समुद्र, पांढरी घरं, उन्हात वाळत घातलेले टोमॅटो. त्यातल्या एका पानाजवळ त्या अडकल्या. समुद्राकाठी एक टेबल, टेबलाशी एक मध्यमवयीन बाई पाय लांब करून बसलेली, आणि एक मिशीवाला माणूस तिच्यासमोर बश्या मांडतोय. खांबेट्यांना त्यांनी ते पान दाखवलं.

"छान आहे समुद्र," खांबेटे म्हणाले.

"समुद्र नाही. बाई बघा."

"बाईचं काय?"

"तिच्या हातात काही नाहीये."

दोन हजार सातच्या जुलैत लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. वहिनींनी मागणी मांडली ती बँकेतल्या जुन्या सवयीने, अटींसकट. नॅक्सोस नावाचं ग्रीक बेट, एक आठवडा. कुकर नाही. मेतकूट नाही. ठेपल्यांचा डबा नाही. आणि तिथे जे काही पानात येईल त्याला 'आपलं अमुकच' असं म्हणायचं नाही.

"ही शेवटची अट का?" खांबेट्यांनी काकुळतीने विचारलं.

"कारण एकदा ते आपलं झालं, की पुढच्या मंगळवारी घरी मलाच करावं लागतं."

कॉलेजातून सुट्टीवर आलेली त्यांची मुलगी ज्ञानदा सोफ्यावर पडल्या पडल्या म्हणाली, "बाबा, शी हॅज अ पॉइंट."

खांबेटे घाबरले, पण मागे हटले नाहीत. पोटाला ओळख करून द्यायला हवी म्हणून त्यांनी सराव सुरू केला. न्यू जर्सीत ग्रीक माणूस शोधायला फार लांब जावं लागत नाही. कुठल्याही मोठ्या रस्त्यावरच्या डायनरमध्ये शिरा, गल्ल्यावर बहुधा ग्रीकच बसलेला असतो. रूट वनवरचं 'ब्लू लँटर्न' स्टॅव्हरोस नावाच्या गृहस्थाचं. मेनू टेलिफोन डिरेक्टरीएवढा जाड, दारातच फिरत्या काचेच्या कपाटात हातभर उंचीचे केक. मेनूत ग्रीक पदार्थ मात्र एकाच पानावर, कोपऱ्यात, पाहुण्यांसमोर आणू नये अशा नातेवाइकांसारखे. खरं ग्रीक जेवण आत स्वयंपाकघरात व्हायचं. स्टॅव्हरोसची आई कॅलिओपी ते घरच्यांपुरतं रांधायची. दर शनिवारी हा गृहस्थ येतो, ग्रीक पानावरचं मागवतो आणि घामाघूम होऊन खातो, हे पाहून तिने एके दिवशी त्यांना आतच बोलावलं. खांबेटे तिला लगेच 'मावशी' म्हणू लागले. तिला इंग्रजी बेताचं, त्यांना ग्रीक शून्य. दोघांचं उत्तम जमलं.

मावशीकडे त्यांना कळलं की ग्रीक लोकही उपवास धरतात आणि तेव्हा मांसाला शिवत नाहीत. हे ऐकून त्यांना भरून आलं. साबुदाणा नाही हे कळल्यावर ते थोडे ओसरले. मग मावशीने फाव्हा पुढे केला. फाव्हा म्हणजे पिवळी डाळ शिजवून, घोटून, घट्ट करून, वर ऑलिव्हचं तेल, कांदा आणि लिंबू.

सोमवारी खांबेट्यांनी मला ऑफिसात फोन केला. "सुटलो हो मी. वरण आहे त्यांच्याकडे. चक्क वरण."

"अट आठवते ना?"

"मनात म्हणायला हरकत नाही," ते म्हणाले. "तोंडाने नाही म्हणणार."

पण अडचण वेगळीच निघाली. शेपू. ग्रीक लोक शेपू घालतात ते आपण कोथिंबीर घालतो तसं, येता-जाता. पालकाच्या पापुद्र्याच्या वडीत शेपू, द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेल्या भातात शेपू, वालांत शेपू. खांबेट्यांना शेपूचा वासही सहन होत नाही. त्यांच्या घरात पंचवीस वर्षं शेपूची जुडी आलेली नाही. वहिनींना मात्र शेपू फार आवडतो. त्या माझ्या बायकोकडे, नीलांबरीकडे येऊन खातात आणि तोंड धुऊन घरी जातात. खांबेट्यांना हे माहीत होतं. त्यांनी कधी विषय काढला नव्हता.

एवढी तयारी झाली, तिकिटं निघाली, वहिनींनी पांढरा उन्हाळी ड्रेस घेतला, आणि जूनच्या मध्यावर सरकारी बातमी आली. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं ताटकळलेल्या सगळ्यांसाठी जुलैत खिडकी उघडणार. सगळ्यांनी अर्ज भरा. आमच्या गावात त्या आठवड्यात वेगळ्या विषयावर कोणी बोललंच नाही. डॉक्टरांकडे तपासणीला रांगा, फोटो काढायला रांगा, जन्माच्या दाखल्यांसाठी भारतात रात्री-बेरात्री फोन. आणि वकिलाने खांबेट्यांना बजावलं, अर्ज जाताना दोघंही अमेरिकेत हवीत. बाहेर पाऊल टाकायचं नाही.

अर्ज गेला की वहिनींना कामाचा परवाना मिळणार होता. तिकिटं त्यांनीच कॅन्सल केली, खांबेटे घरी यायच्या आत. त्या रात्री त्यांनी वरण-भात केला, आणि खांबेट्यांनी पहिल्यांदा मिठाबद्दल काही म्हटलं नाही. मीठ घालायलाच विसरल्या होत्या, तरी.

जुलै उजाडताच सरकारने खिडकी बंद केली. मग दोन आठवड्यांनी पुन्हा उघडली. अर्ज गेले एकदाचे. पण नॅक्सोस गेलं ते गेलंच. जुलैतला तो लग्नाचा वाढदिवस इडली-सांबारावर साजरा झाला. इडल्या वहिनींनी केल्या.

खांबेटे शनिवारी 'ब्लू लँटर्न'मध्ये जाऊन बसले आणि जेवले नाहीत. मावशीने कारण विचारलं. स्टॅव्हरोसने ते तिला ग्रीकमध्ये समजावलं, आणि मावशी त्यावर बराच वेळ तावातावाने बोलली. स्टॅव्हरोसने त्याचं भाषांतर एका वाक्यात केलं. "आई म्हणते, तुझ्या बायकोला बेट हवंय ना, मग न्यू जर्सीत काय बेट नाही?"

बेट आहे. लाँग बीच आयलंड. पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना पाणी, मध्ये लाकडी घरांची एक लांबट पट्टी. तिथे स्टॅव्हरोसच्या कुटुंबाचं उन्हाळी घर होतं. वरचा मजला ऑगस्टच्या शेवटी रिकामा होता.

"आणि जेवण?" खांबेट्यांनी विचारलं.

मावशीने त्यांच्या हातात कांदा ठेवला.

ज्या माणसाने आयुष्यात चहाखेरीज काही उकळलं नव्हतं, तो त्यानंतरचे सगळे शनिवार डायनरच्या मागच्या स्वयंपाकघरात कांदे चिरत उभा राहिला. घरी सांगितलं की ओव्हरटाइम आहे. पहिल्या दिवशी बोट कापलं, दुसऱ्या वेळी ओव्हनला हात लागला. तिसऱ्यांदा मावशीने शेपूची जुडी त्यांच्यापुढे टाकली. ते म्हणाले, "हे नको." मावशीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी श्वास रोखला आणि चिरायला घेतलं. मला हे सगळं त्यांनीच सांगितलं, कोणाला सांगू नका म्हणून.

मी कोणालाच सांगितलं नाही. खांबेट्यांनी मात्र आमच्या मंडळाच्या गणपतीच्या तयारीच्या मीटिंगमध्ये, ढोल कोणाच्या गॅरेजमध्ये ठेवायचे यावर चर्चा चालू असताना, सहज सांगून टाकलं की ऑगस्टअखेर आम्ही दोघं बेटावर चाललोय.

आपल्या माणसांत 'आम्ही दोघं' या शब्दांना काही अर्थ नाही. कोणी कुठे चाललं म्हटल्यावर त्याला एकटं कसं जाऊ द्यायचं? आमच्यातल्या, मूळच्या नागपूरच्या संजयने तिथल्या तिथे लॅपटॉप उघडून शेजारचं घर बुक केलं. निमिषने त्याच्या पलीकडचं. नीलांबरीने मला विचारलंच नाही, दोन खोल्यांचं भाडं भरून टाकलं. मग रीतीप्रमाणे वाटप झालं. पुऱ्या संजयकडे, बटाट्याची भाजी निमिषकडे, चटण्या आणि लाडू आमच्याकडे. आणि पहिल्या रात्रीचा सर्वांचा वरण-भात शरयूवहिनींकडे, कारण तो त्यांच्यासारखा कोणालाच जमत नाही. वहिनींना हे कळवायचं राहून गेलं.

शुक्रवारी दुपारी खांबेट्यांची गाडी बेटावरच्या त्या घरासमोर थांबली. वहिनींनी पांढरा ड्रेस घातला होता. त्या उतरल्या, समुद्राकडे पाहिलं आणि छाती भरून श्वास घेतला. मग त्यांना ओळीने उभ्या तीन मिनीव्हॅन दिसल्या. त्यांच्या पुढ्यात आम्ही बारा-तेरा जण, पोराबाळांसकट, हसत उभे. आणि सर्वांत पुढे संजय. त्याच्या हातात मंडळाचा दहा लिटरचा कुकर.

"वहिनी, सरप्राइज," संजय म्हणाला. "कुकर कुठे ठेवू? तांदूळ भिजत घातलेत यार, फक्त डाळ लावायची."

वहिनींच्या चेहऱ्यावरून समुद्र निघून गेला. बँकेत शेवटच्या मिनिटाला मोठा चेक घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहून जसं हसतात, तसं त्या हसल्या. "या, आत या," म्हणाल्या आणि ड्रेसच्या बाह्या वर करू लागल्या.

तेव्हा खांबेटे पुढे झाले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो. ट्रेनमध्ये कोणी पायावर पाय दिला तर ते स्वतःच 'सॉरी' म्हणतात. त्यांनी संजयच्या हातून कुकर घेतला, चालत त्याच्या व्हॅनपाशी गेले, डिकीत ठेवला, डिकी लावली आणि व्हॅनची किल्ली मागितली.

"किल्ली काहून पाहिजे?" संजय गोंधळला.

"रविवारी देईन."

"अहो खांबेटेसाहेब, पण जेवायचं काय?"

"मी करतोय."

हे वाक्य ऐकून आमच्या व्हॅनमधून आलेल्या ज्ञानदाने कानातले इअरफोन काढले. वहिनींच्या बाह्या कोपरापर्यंत जाऊन थांबल्या.

"तुम्ही काय करताय?" त्यांनी विचारलं.

"जेवण. तू वर जा आणि समुद्राकडे तोंड करून बस. खुर्ची मांडलेली आहे." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "आणि एक नियम आहे. आज इथे कोणी कशालाही 'आपलं अमुकच' म्हणायचं नाही. मनात म्हणायला हरकत नाही."

वहिनी वर गेल्या, पण ज्ञानदाने नंतर सांगितलं की पहिला अर्धा तास त्या खुर्चीच्या काठावर बसून होत्या. खालून भांड्यांचे आवाज येत होते. एकदा काहीतरी फुटलं. त्या उठल्या. ज्ञानदाने त्यांना परत बसवलं. "आई, सिट. ही इज हॅविंग फन."

खाली पुरुषमंडळी कामाला लागली होती. खांबेटे सेनापती. संजयला कांदे दिले, तो रडला. निमिषच्या हाती पिठाचे तयार पापुद्रे होते, कागदासारखे पातळ. त्यावर ओलं फडकं घालायचं असतं, हे खांबेट्यांनी त्याला दोनदा सांगितलं होतं आणि तो क्रिकेटचा स्कोअर बघण्यात विसरला. पापुद्रे वाळून कडकडीत झाले. संजयने एक उचलून तोंडात टाकला आणि म्हणाला, "अरे, हा तर आपला..." खांबेट्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "...ग्रीक पदार्थ," संजयने वाक्य पुरं केलं.

द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळायचं काम माझ्याकडे आलं. मी इमाने-इतबारे, अळूवडीसारखी लांबलचक, घट्ट गुंडाळी केली. खांबेट्यांनी ती उलगडली, पान न फाडता पुन्हा करंगळीएवढी केली आणि टोपात शेजारी शेजारी ठेवली. त्यांच्या बोटांना सवय झाली होती. कपाळावर घाम, चष्म्यावर वाफ, बनियनवर टोमॅटो. मधूनच शेपूची मूठ टाकताना ते मान वळवून श्वास रोखत, पोहणाऱ्या माणसासारखे.

ऊन कलल्यावर पानं वाढली गेली. पानं म्हणजे स्टॅव्हरोसकडच्या निळ्या बश्या. खांबेटे एकेक बशी घेऊन वर आले आणि वहिनींसमोर मांडू लागले. मिशी नव्हती, बाकी सगळं पुस्तकातल्यासारखं होतं. मोठे पांढरे वाल टोमॅटोत भाजलेले. काकडी, टोमॅटो आणि चीजचा जाडजूड तुकडा. पालकाची पापुद्र्याची वडी, जिथे पापुद्रा टिकला होता तिथे. घट्ट दही, वर मध. आणि मधोमध, पिवळाधमक, कांद्याची टोपी घातलेला फाव्हा.

आम्ही सगळे भोवती जमलो होतो. त्या पिवळ्या बशीकडे पाहून प्रत्येकाच्या ओठांवर एकच शब्द आला होता. नीलांबरीने पदर तोंडाला लावला. निमिषच्या लहान मुलीने बशीकडे बोट केलं, "दॅट्स व...", आणि तिच्या आईने तिच्या तोंडात पाव कोंबला.

"काय आहे हे?" वहिनींनी विचारलं.

"याला फाव्हा म्हणतात," खांबेटे म्हणाले.

"आणि?"

त्यांनी बशी उगाच थोडी सरळ केली. आत पंचवीस वर्षांची सवय धडका मारत असणार. "आणि काही नाही," ते म्हणाले.

वहिनी फाव्हा खाऊ लागल्या. मग त्यांनी द्राक्षाच्या पानाची एक छोटी गुंडाळी उचलली, अर्धी तोडली आणि थांबल्या. दातांखालची चव ओळखून त्यांनी हळूच नवऱ्याकडे पाहिलं.

"यात शेपू आहे."

"हो."

"तुम्ही चिरलात?"

"दर शनिवारी चिरतोय. ओव्हरटाइम नव्हता."

वहिनींनी दुसरी गुंडाळी घेतली, तिसरी घेतली. मग पाय लांब केले, सँडल काढून गॅलरीच्या फळ्यांवर टाकल्या आणि खुर्चीत पहिल्यांदा मागे टेकून बसल्या. हात मांडीवर, मोकळे. समोर पाण्यावर ऊन पसरलं होतं, आणि लोकांची पोरं वाळूत ओरडत होती. खांबेटे बशी हातात घेऊन तसेच उभे. निकालाची वाट पाहणाऱ्या माणसाचा चेहरा कसा होतो, हे त्यांना बहुधा तेव्हाच कळलं असावं.

वहिनींनी डोळे मिटले.

"मीठ किंचित कमी आहे," त्या म्हणाल्या.

"आणतो," खांबेटे म्हणाले, आणि दोन-दोन पायऱ्या गाळत मिठाची बरणी आणायला खाली धावले.